बातमी लिहिणाऱ्या हातानं कंपनीचं माहितीपत्रक लिहावं का?

द्राक्षबाग, नाशिक
सात वर्षं मुक्त पत्रकारिता करतेय. विषय शेती आणि पाणी. एका वृत्तांतासाठी निफाड-दिंडोरीत तीन फेऱ्या मारल्या. मानधन चार महिन्यांनी आलं, पेट्रोललाही पुरलं नाही. त्याच महिन्यात एका रुग्णालयाचं माहितीपत्रक दोन दिवसांत लिहून दिलं आणि घरभाडं सुटलं. यात मला कमीपणा वाटत नाही. पथ्य एकच पाळते: ज्याच्यावर बातमी करते, त्या क्षेत्राचं काम घेत नाही. ठिबक, खतं, बियाणं, साखर कारखाने, सगळ्यांना नकार.

बोरू
पटलं नाही. उद्या दूषित पाण्यानं कावीळ पसरली की तुमचा पाण्याचा विषय त्याच रुग्णालयाच्या दारात जाणार. तेव्हा काय कराल? 2010 मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, अहवाल दिला, त्यातली मुख्य तक्रार वाचकाला अंधारात ठेवण्याचीच होती. तुम्ही बातमीचे पैसे घेत नाही, मान्य. पण वाचक अंधारातच आहे.

तालुका वार्ताहर
बोरू, आमच्याकडे या बघायला. पेपरच आम्हाला जाहिराती आणायला लावतो. मानधन नावापुरतं, घर चालतं कमिशनवर. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघते, कारखान्याचं पानभर अभिनंदन मीच आणतो. ऊस तुटून गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची सरकारनं ठरवलेली किमान किंमत, द्यायचा कायदा आहे. त्याच कारखान्यानं ती थकवली, तर शेतकरी माझ्याच दारात येतो. त्याच्याकडे मान वर करून बघवत नाही हो. ताईंना निदान नकार देता येतो.

बोरू
तुमच्यावर ते लादलंय, ताई आपणहून जातात. म्हणून प्रश्न त्यांना विचारतोय.

द्राक्षबाग, नाशिक
काविळीचं उदाहरण लागलं मला. असं एकदा झालंय. संपादकांना सगळं सांगून बातमी सहकाऱ्याला दिली. माणसं माझ्या ओळखीची, विहीर मी पाहिलेली, आणि नाव त्याचं. अजून सलतं. पण तेच योग्य होतं.

बोरू
संपादकांना कळलं, वाचकाला नाही. लेखाखाली तुमच्या ग्राहकांची नावं छापा.

द्राक्षबाग, नाशिक
करारात गोपनीयतेचं कलम असतं, नाव छापलं की काम गेलं. तरी पुढच्या करारात ते कलम खोडून पाठवते. सही होऊन येते का, ते इथेच सांगेन.