माजी सैनिकांसाठी नवे उपचार: पुराव्याची वाट किती दिवस पाहायची?

निवृत्त हवालदार:
सैन्य सोडून नऊ वर्षं झाली. अजून दाराकडे पाठ करून बसवत नाही, आणि उजव्या कानात तोफांची शीळ चोवीस तास वाजते. डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आजार. सर्ट्रालिन घेतो; झोप जरा सुधारली, स्वप्नं तशीच. या आजाराला अमेरिकेत १९८० मध्ये अधिकृत नाव मिळालं, पण त्यासाठी एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, मान्यता असलेल्या गोळ्या आजही दोनच: सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन.

थेरपीसोबत एमडीएमए (नशेसाठीही वापरलं जाणारं, मनावर परिणाम करणारं औषध) दिलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६७ टक्के रुग्ण निदानाच्या निकषातून बाहेर आले. थेरपी आणि रिकामी गोळी मिळालेल्यांत ३२ टक्के. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये एफडीएने नकार दिला. ऑस्ट्रेलियात मात्र जुलै २०२३ पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात. ज्याचे दोन-तीन उपचार फसलेत त्याला धोका नीट समजावून सांगा आणि निर्णय त्याला घेऊ द्या.

मनोविकार विभागातली परिचारिका:
हवालदारसाहेब, तुमच्यासारख्यांच्या रात्री मी वॉर्डात जवळून पाहिल्यात. तरीही माझा विरोध आहे.

एमडीएमए मिळालं की नाही, हे बहुतेक रुग्णांना थोड्याच वेळात कळतं. मग औषधाचा गुण किती आणि आशेचा किती, हे वेगळं काढायचं कसं? हायपरबेरिक ऑक्सिजनचा, म्हणजे बंद कक्षात वाढीव दाबाखाली ऑक्सिजन देण्याचा, अनुभव ताजा आहे. मेंदूला मार बसलेल्या अमेरिकी सैनिकांवर चाचण्या झाल्या, तेव्हा खऱ्या उपचाराने बरं वाटलं आणि नकली उपचारानेही जवळपास तेवढंच. आयबोगेन या आफ्रिकी झुडपातून मिळणाऱ्या, भास घडवणाऱ्या औषधाचा २०२४ चा अभ्यास तर ३० माजी सैनिकांचा. सुधारणा मोठी दिसली, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. त्या औषधाने हृदयाची लय बिघडून माणसं दगावली आहेत, म्हणून अभ्यासात सोबत मॅग्नेशियम द्यावं लागलं. सगळीकडून थकलेला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. ती संमती मला पुरेशी वाटत नाही.

एका माजी सैनिकाची पत्नी:
सिस्टर, मग पुरावा असलेल्या उपचाराचं सांगते. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, पुन्हा पुन्हा सांगायचा आणि घरी त्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं. चौथ्या बैठकीनंतर आमचे हे चाळीस मिनिटं गाडीत बसून होते, चावी हातात घट्ट धरून. पुन्हा गेले नाहीत. फाइलवर शेरा आला, 'उपचार अर्धवट सोडले'. ह्यांनी सोडले की उपचारांनी ह्यांना सोडलं?

मनोविकार विभागातली परिचारिका:
ताई, तो शेरा चुकीचाच. प्रसंग तपशिलात न सांगताही करता येणारी थेरपी आहे, सीपीटी; त्यात प्रसंगामुळे मनात बसलेले विचार तपासून बदलतात. त्यांना तो पर्याय कुणीतरी द्यायला हवा होता. नव्या औषधांआधी मी हे मागेन. आणि नवी औषधं हवीत, पण चाचणीत, डॉक्टरांच्या नजरेखाली.

निवृत्त हवालदार:
सिस्टर, चाचणीत यायला मी आज तयार आहे. पण एमडीएमएच्या त्या चाचण्यांत आधी चालू गोळ्या हळूहळू बंद कराव्या लागत. माझी जेमतेम जमलेली झोप त्या गोळीवर आहे. ती सुटल्यावर रात्री तीनला फोन केला, तर तुमच्याकडचं कुणी उचलेल का?