एके काळी डोळे झाकून घ्यायची अशी रायफल कंपनी, आता काय झालंय हिला?

भुसावळकर_१७७
नमस्कार मंडळी. माझी मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळते, आता स्टेटच्या (राज्य स्पर्धेच्या) तयारीत आहे. शिकली ती क्लबच्या जुन्या रायफलीवर, देशी कंपनी, नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. त्या जुन्या रायफलीवर किती पोरं शिकून गेली, दस्त्याचा रंग पार उडालाय पण लागोपाठचे छर्रे अजून एकाच भोकात पडतात. ते बघूनच दिवाळीला कापसाचे पैसे आले त्यातून त्याच कंपनीची नवीन घेतली आणि तिथून डोक्याला ताप सुरू.

जुनीसोबत टेस्ट कार्ड आलं होतं, रायफलीचा नंबर, त्याच बॅरलने मारलेले छर्रे, खाली तपासणाऱ्याची सही. नवीनच्या खोक्यात फक्त वॉरंटीचा कागद. बट प्लेटच्या (खांद्याला टेकते ती पट्टी) स्क्रूचे आटे पहिल्या दिवसापासून गेलेले, कितीही फिरवा गोलच फिरतो. हवेच्या सिलेंडरवर 2021 चा शिक्का, म्हणजे बनल्यापासून 10 वर्षं वापरायच्या नियमाने 2031 ला बाद, मग मी नव्या सिलेंडरचे पैसे कशाचे मोजले? आणि मेन म्हणजे रायफल थोडा वेळ ठेवून दिली की पहिला छर्रा वर जातो, पुढचे सगळे बरोबर.

पूर्वी म्हणे फोन लावला की वर्कशॉपमधला मिस्त्रीच बोलायचा. आता एक मॅडम तिकीट नंबर देतात आणि दोन दिवसांनी मेसेज येतो की तुमचं तिकीट बंद केलं आहे. रायफल पाठवली तर "चेक केली, ओके" असा कागद लावून परत. पाठवताना मी अॅक्शनच्या (छर्रा सोडणारा मधला भाग) स्क्रूवर आणि बाजूच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली होती, ती जशीच्या तशी आहे. म्हणजे उघडलीच नाही ना! आता विकून टाकू की भांडू?

तात्या_रेंजवाले (जळगाव)
तू एकटा नाही भो, आमच्याकडे दोन पालक हेच रडगाणं घेऊन आले. पहिला छर्रा वर जातो ते रेग्युलेटरचं काम आहे. सिलेंडरात 200 बारची हवा, रेग्युलेटर ती उतरवून पुढे देतो, त्याचं सील नीट बसलेलं नसलं की रायफल नुसती पडून असली तरी हवा झिरपत राहते आणि पुढचा दाब चढतो. पहिला छर्रा जोरात सुटतो, मग दाब जागेवर. आपल्या रायफलीचा वेग 170 मीटर सेकंदाला धरला आणि तो 3 टक्के जरी वाढला तर 10 मीटरवर छर्रा साधारण 1 मिलिमीटर वर लागतो. ऐकायला काहीच नाही, पण 10 चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दशांश स्कोरिंगला 1 मिलिमीटर म्हणजे 0.4 गुण. स्टेटला एवढ्यात पोरं पाच-सहा नंबर खाली जातात.

बॅरल मात्र आजही चांगली बनवतात हे मानावं लागेल. बिघडलंय ते जुळणीत आणि तपासणीत. 2008 ला बिंद्राने बीजिंगला सोनं आणलं, 2024 ला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ, पोरांची हौस वाढली, गावोगाव रेंजा निघाल्या. माल उचलला जातोय तर तपासत कोण बसणार, हा आपला माझा अंदाज.

शिरपूरचा_नेमबाज
राम राम. मनं मत जरा येगळं शे, राग मानू नका. माझी पण त्याच कंपनीची, नवीनच मॉडेल, काही त्रास नाही. लोक हॅन्डपंपाने हवा भरतात, आत ओल जाते, सील खराब होतात, उन्हाळ्यात आपल्याकडे 45 डिग्रीत बंद गाडीत रायफल ठेवतात आणि मग कंपनीला शिव्या. आधी आपलं बघा ना.

भुसावळकर_१७७
दादा, हवा क्लबच्या कंप्रेसरवरून भरतो, ड्रायर लावलेला आहे. आणि स्क्रूचे आटे काय हवेने गेले का? 😄

वरणगाव_पेन्शनर
आमची अख्खी नोकरी वरणगावच्या काडतूस फॅक्टरीत गेली. तिथे लॉटमधले नमुने काढून, मारून बघितल्याशिवाय लॉट पुढे जात नसे, वरून कितीही घाई असली तरी. टेस्ट कार्ड देणं बंद केलं म्हणजे एक तर ते मारून बघत नाहीत, किंवा बघतात आणि दाखवण्यासारखं काही नसतं. दोन्हीत गिऱ्हाईक मेलं. शिरपूरवाल्यांना चांगला नग लागला, नशीब त्यांचं, पण न तपासता विकलेल्या मालात चांगला नग पण निघतोच की.

धुळे_वकीलसाहेब
विकू नका, घेणाऱ्याला तोच त्रास. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी जळगाव, कंपनी कुठली का असेना. माल 5 लाखांच्या आतला असला तर फी नाही. मुदत 2 वर्षं. पण आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा, कधीकधी तेवढ्यानेच कंपनीचा सूर बदलतो. नेलपॉलिशच्या रेघेचे फोटो पाठवण्याआधीचे असतील तर सोन्यासारखे जपा. सिलेंडरवरच्या शिक्क्याचा फोटो आणि बिल शेजारी ठेवून काढा. यापुढे फोनवर काही बोलू नका, सगळं ईमेलवर. आणि स्वतः रायफल उघडू नका हो, नाहीतर ते तुमच्यावरच ढकलतील.

भुसावळकर_१७७
फोटो आहेत साहेब, तारखेसकट, मुलीनेच काढले होते. 1915 ला उद्याच लावतो. तात्या, वेगाचा पुरावा कसा काढायचा? क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र) इथे कोणाकडे नाही.

तात्या_रेंजवाले (जळगाव)
आपल्याकडे आहे, रविवारी सकाळी पोरीला घेऊन ये. येण्याआधी रात्री सिलेंडर काढून बाजूला ठेव आणि सकाळी त्याच्या दाबाचा काटा बघ. काटा उतरला तर सिलेंडरच गळतोय, नाही उतरला तर दोष रायफलीत. इथे अर्धा तास ठेवून पहिला छर्रा क्रोनोवर मारू, मग सलग दहा, आणि सगळ्याचा व्हिडिओ. छर्रे 4.49 आणि 4.50 मिलिमीटरचे दोन्ही आण, बॅरलला कुठला मानवतो ते पण त्याच फेरीत कळेल.