मदत हवी आहे: ओपनटॅक्ससॉल्व्हर आणि भारतातलं एनआरओ व्याज

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी एका पेड सॉफ्टवेअरने राज्याच्या रिटर्नचे शेवटच्या पानावर वेगळे पैसे मागितले, तेव्हाच ठरवलं की यंदा ओपन सोर्स वापरायचं. ओपनटॅक्ससॉल्व्हर हे अमेरिकेतलं कर-रिटर्न भरायचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय. लिनक्सवर छान चालतं, न्यू जर्सीचा फॉर्मही आहे, आणि मुख्य म्हणजे हिशोब माझ्याच मशीनवर होतो, आकडे कुठे जात नाहीत. ई-फाइल होत नाही, प्रिंट काढून पोस्टाने पाठवावं लागेल. त्याला माझी हरकत नाही.

अडलोय ते पुण्यातल्या एनआरओ एफडीपाशी (अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या खात्याची मुदत ठेव). बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट एप्रिल ते मार्च, इथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे दोन सर्टिफिकेटं आणि स्टेटमेंट समोर ठेवून तिमाहीचं व्याज ओळीओळीने पेन्सिलने खुणावत बसलोय. 31 मार्चला जमा झालेली ओळ जुन्या सर्टिफिकेटात, 30 जूनची नव्या. शिवाय 30 टक्के टीडीएस आणि त्यावर सेस कापलेला.

तुमच्यापैकी कोणी हे असं केलंय का? प्रत्येक ओळीला त्या दिवसाचा डॉलरचा भाव लावलात की वर्षाचा सरासरी? कापलेल्या टीडीएससाठी फॉर्म 1116 (परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट मागण्याचा) हाताने भरून आकडा 1040 मध्ये, म्हणजे मुख्य रिटर्नमध्ये, घातलात का?

आणखी एक. आयआरएसने (अमेरिकेचं कर खातं) डायरेक्ट फाइल या आपल्या मोफत ऑनलाइन रिटर्न सेवेचा सोर्स कोड 2025 मध्ये गिटहबवर खुला केला. नुसता पडताळणीसाठी तो कोणी घरी चालवून पाहिलाय का? कृपया सविस्तर सांगा. 15 एप्रिलच्या आत पाकीट टाकायचंय.