मदत हवी आहे: पिवळा ऑरॅटस काळा पडतोय. आजार आहे, की दुकानदाराने मादी म्हणून नर दिला?

टेबलामागची:

आमच्याकडे एक मासा उलटा होत चाललाय. पोट वर करून नव्हे, रंगाने. घरात कोणाला त्याचं सोयरसुतक नाही, म्हणून इथे फोरमवर विचारतेय.

टँक चार बाय दीड बाय दीड फूट. दगड आणि वाळू वगळून पाणी दोनशे लिटरच्या आसपास. सोसायटीच्या बोअरचं पाणी आहे, पीएच ८.१. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान २६. दर रविवारी पाव भाग पाणी बदलते. मार्चमध्ये पाच ऑरॅटस आणि चार येलो लॅब आणले, दोन्ही आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड कुळातले मासे. पाचही ऑरॅटस अगदी सारखे होते: हळदीसारखे पिवळे, अंगावर आडव्या काळ्या पट्ट्या, पट्ट्यांना पांढरी किनार. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळ्या माद्याच आहेत, भांडणं व्हायची नाहीत." मी विश्वास ठेवला. हसू नका.

दोन महिने सगळं शांत होतं. मी घरून काम करते आणि टँक बरोबर टेबलासमोर आहे, त्यामुळे मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असला की मी काय बघत असते हे सांगायला नको. पाचांतला सगळ्यात मोठा, लेक त्याला पाटील म्हणते, गेल्या सोमवारी शेपटीकडून काजळी धरल्यासारखा दिसला. वाटलं, लाइटचा दोष. गुरुवारपर्यंत पोट राखाडी-काळं झालं. आज नववा दिवस. पिवळा रंग फक्त गालापाशी उरलाय आणि गंमत म्हणजे मधली काळी पट्टी फिकट निळसर पडत चाललीय. पूर्वी फोटोच्या रोलची निगेटिव्ह उजेडासमोर धरून बघायचो ना, तसं झालंय. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं.

वागणंही बदललंय. डावीकडच्या मोठ्या दगडाखालचं भोक त्याने बळकावलंय. तोंडात वाळू भरून बाहेर आणून टाकतो, दिवसभर हाच उद्योग. दुसरा ऑरॅटस जवळ आला की पर पसरून त्याच्यासमोर आडवा होतो आणि अंग थरथरवतो. मला आधी फिटच आली वाटली. नाहीतर सरळ पाठलाग. येलो लॅबना मात्र फारसा त्रास देत नाही. शेपटीला खाच असलेला एक ऑरॅटस (हा दोन नंबर) दिवसभर फिल्टरच्या नळीमागे, पाण्याच्या वरच्या थरात लपून असतो. तो पिवळाच आहे, पण फिका.

पाटील खातो व्यवस्थित. गोळ्या रोज देते, आठवड्यातून दोनदा फ्रोजन ब्लडवर्म (लाल अळ्या).

दुकानदाराला फोटो पाठवला. "फंगस आहे, औषध टाका, मीठ टाका," म्हणाला. बाटली आणलीय, अजून उघडलेली नाही. टाकू का?

डोहातला:

ताई, बाटली तशीच राहू द्या. औषध न टाकता थांबलात हे फार बरं केलंत. त्यातली बरीच औषधं फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतात. मग आज शून्य दिसतंय ते अमोनिया आठवड्यात वर जातं आणि धडधाकट मासे खरोखर आजारी पडतात.

फंगस पांढरा, कापसासारखा असतो. तो काळा नसतो आणि पट्ट्यांच्या रेषा सांभाळून तर मुळीच पसरत नाही. तुमची निगेटिव्हची उपमा नेमकी आहे. ऑरॅटसची पिल्लं आणि माद्या पिवळ्या, आणि वयात आलेला नर गडद तपकिरी-काळा, त्यावर फिकट निळे पट्टे. पर मिटलेले, श्वास जोरात, दगडाला अंग घासणं, खाणं बंद, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, यातलं काही दिसलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. भोक बळकावणं, वाळू उपसणं आणि अंग थरथरवणं हे मलावीच्या नराचं रोजचं कामकाज आहे. तुम्ही ज्याला फिट म्हणता ते बहुधा प्रियाराधन आहे.

पण रंगावरून पैज लावू नका. ऑरॅटसमध्ये दादागिरी करणारी मादीसुद्धा काळपट होते. आणि दबलेला नर पिवळाच राहतो, कारण काळा झाला की मार खातो. म्हणजे 'सगळ्या माद्या' सांगणारा दुकानदार खोटंच बोलला असेल असं नाही. त्या वयात त्यालाही दिसलं नसेल. गुदपरावरच्या (पोटाखाली, शेपटीच्या आधी असतो तो पर) पिवळ्या ठिपक्यांवरूनही ठरवू नका, ते माद्यांनाही असतात. खात्री करायची तर मासा ओल्या हाताने उलटा धरून पोटाखालची दोन छिद्रं बघायची. दोन्ही सारखी तर नर, मागचं ठळक मोठं तर मादी.

ब्लडवर्म मात्र आजच बंद. हे दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे आहेत, त्यांची आतडी लांब असतात. स्पिरुलिनाच्या (शेवाळाच्या) गोळ्या द्या, थोड्याच. जास्त प्रथिनांनी पोट फुगून दगावलेले ऑरॅटस मी स्वतः पाहिलेत, माझ्याच टँकमध्ये.

कडूनिंब:

पाटलाची पाटलीणबाई निघाली तर लेकीला कळवा.

थोडी भर. रंग दोन गतींनी बदलतो आणि निरीक्षणं वहीत टिपणार असाल तर दोन्ही वेगळ्या लिहिल्या तर बरं. कातडीतल्या रंगपेशींत मेलॅनिनचे कण असतात. ते पेशीभर पसरले की मासा गडद, मध्यभागी गोळा झाले की फिका. हे मिनिटांत होतं, म्हणूनच पळणारा मासा बघता बघता फटफटीत होतो आणि सकाळी लाइट लावल्यावर सगळेच धुतल्यासारखे दिसतात. पिवळ्याचा पुरता काळा व्हायला मात्र आठवडे लागतात, ते संप्रेरकांचं काम.

आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवराच्या परिसरातला बर्टोनी नावाचा सिक्लिड यासाठी प्रसिद्ध आहे. स्टॅनफर्डमध्ये रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००५ साली त्यांनी दाखवलं की वरचढ नर काढून घेतला की दबलेला नर काही मिनिटांतच भडक होतो आणि रुबाब करायला लागतो. त्याच प्रयोगशाळेचं २००७ चं काम तर आणखी भारी आहे. दुसऱ्यांच्या मारामाऱ्या नुसत्या बघून हे मासे ताडतात की कोण कोणाला भारी आहे. तुमचा दोन नंबर नळीमागून नुसता लपत नसावा. हिशेब मांडत असावा.

जमलं तर चार दिवस पाटलाला दुसऱ्या टँकमध्ये हलवा. दोन नंबर काय करतो ते लिहा.

फणसपोळी:

विषयांतर आहे, पण सिक्लिड म्हटलं की आपण आफ्रिकाच धरून बसतो. गोव्यात कालुंदर खाता ना, केरळचं करीमीन, तोही सिक्लिडच. त्याचा लहान भाऊबंद म्हणजे नारिंगी क्रोमाइड. माझ्याकडे त्याची जोडी होती. अंडी घातली की दोघांचंही पोट आणि पोटाखालचे पर काळेकुट्ट व्हायचे आणि पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टोचून खायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही औषधाची बाटली आणली होती.

टेबलामागची:

अठरा दिवसांनी हजेरी. आधी हे सांगते की पाटलाला उलटा धरायचा प्रयत्न केला आणि तो माझ्या हातून सुटून सतरंजीवर पडला. सुखरूप आहे. छिद्रं बघायची राहिली.

भाचीचा दोन फुटी टँक मागून आणला आणि मंगळवारी सकाळी दहाला पाटलाला हलवलं. वहीतलं जसंच्या तसं लिहिते.

१०.२० ला दोन नंबर नळीमागून अर्धा बाहेर. १०.४० ला दगडापर्यंत आला, परत गेला. पावणेबाराला भोकात. दुपारी जेवून आले तर वाळू उपसत होता! संध्याकाळी त्याने उरलेल्या तिघींपैकी एकीसमोर अंग थरथरवलं. रंग मात्र पिवळाच, फक्त फिकेपणा गेला, एकदम तजेलदार. शेपटीकडे काजळी दिसली ती चौथ्या दिवशी. म्हणजे कडूनिंब म्हणाले तशा दोन गती अगदी डोळ्यांसमोर दिसल्या. वागणं तासाभरात, काळा रंग दिवसांनी.

पाटील तिकडे एकटा. रागवायला कोणी नाही. निळा पट्टा मळकट झालाय, काळा रंग धुतलेल्या पाटीसारखा. लेक रोज शाळेतून आली की आधी त्याच्याकडे जाते.

खरी बातमी पुढे आहे. सहाव्या दिवसापासून पिवळ्यांतली एक गोळ्यांकडे येते, बघते आणि परत जाते. हनुवटी खाली उतरलीय, मधूनमधून काहीतरी चघळल्यासारखं करते. आज तिला बारावा दिवस. तोंडात अंडी आहेत ना? उपाशी किती दिवस राहील? आणि पाटील परत आला तर काय होईल?

डोहातला:

अंडीच आहेत, अभिनंदन. या माद्या अंडी तोंडातच उबवतात. साधारण तीन आठवडे तोंडात धरेल आणि तोवर जवळजवळ काही खाणार नाही. घाबरू नका, जाळी लावून हलवूही नका. दचकली तर अंडी थुंकते किंवा गिळते. बारा दिवस टिकलीत म्हणजे फलित असण्याची शक्यता चांगली. बाप दोन नंबर धरायला हरकत नाही, पण टँकमध्ये येलो लॅबही आहेत. पिल्लांच्या पट्ट्या नीट बघा आणि संकर वाटला तर कोणाला देऊ नका.

पाटलाला परत टाकू नका. चार फुटांत दोन नर आणि तीन माद्या हे गणित जमत नाही, एका नराला निदान चार-पाच माद्या हव्यात. टाकायचाच असेल तर आधी सगळे दगड हलवा, म्हणजे कोणाचंच घर कोणाचं राहणार नाही, आणि तेही ही पिल्लं सोडल्यावर. माझा सल्ला, दुकानात देऊन टाका आणि बदल्यात माद्या घ्या.

टेबलामागची:

दुकानात फोन केला. सगळं सांगितलं, दोन्ही नर निघाले हेही. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हरकत नाही मॅडम, ती काळी मादी घेऊन या, बदलून देतो."