पराभवाचं खापर नेमकं कुणावर? २०१९ चं सोलापूर, १९९४ चा बॅजिओ

कन्ना चौक (धागा सुरू):
सोलापुरात एक वाक्य आता म्हणीसारखं झालंय: "२०१९ ला वंचितनं काँग्रेसला पाडलं." (वंचित म्हणजे प्रकाश आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी.) फुटबॉल बघणारे तितक्याच ठामपणे सांगतात, "१९९४ चा वर्ल्ड कप इटलीच्या बॅजिओनं घालवला." मला दोन्ही वाक्यं चूक वाटतात, आणि चूक एकाच जातीची आहे. आधी एकावर सगळी भिस्त टाकायची, आणि निकाल उलटला की खापरही एकाच्याच डोक्यावर फोडायचं.

बॅजिओचं आधी घेऊ. इटली-ब्राझील फायनल ०-० सुटली आणि पेनल्टी शूटआउट झालं. इटलीची पहिली किक बरेसीनं वर मारली. चौथी मासारोची, ती गोलकीपरनं अडवली. बॅजिओ पाचव्या नंबरला आला तेव्हा ब्राझील ३-२ ने पुढे होता. त्याची किक आत गेली असती तरी बरोबरीच झाली असती, आणि ब्राझीलची पाचवी किक शिल्लकच होती. म्हणजे त्या किकनं सामना जिंकता आला नसता, फक्त आशा टिकवता आली असती. मुळात इटली फायनलला पोचली ती बाद फेरीतल्या त्याच्या पाच गोलांवर. बरेसी-मासारो आज कुणाला आठवत नाहीत.

आता सोलापूर. २०१४ ला वंचित नव्हती. काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंदेंना मतं ३,६८,२०५. २०१९ ला वंचित होती, शिंदेंना ३,६६,३७७. फरक १,८२८ मतांचा. वंचितकडून उभ्या राहिलेल्या प्रकाश आंबेडकरांनी १,७०,००७ मतं घेतली. ती काँग्रेसच्या ताटातली होती म्हणता, तर काँग्रेसचं ताट रिकामं का नाही झालं?

अशोक चौक:
दादा, निम्मा हिशोब मांडलात. पाच वर्षांत मतदार वाढले, मतदानही वाढलं. आकडा तेवढाच राहिला याचा अर्थ टक्का घसरला. वंचित नसती तर वाढीव मतातला मोठा वाटा काँग्रेसला आला असता. २०१९ ची साधी बेरीज बघा: शिंदे आणि आंबेडकर मिळून ५,३६,३८४, भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी ५,२४,९८५. बेरीज ११,३९९ नं पुढे आहे. याला मतविभागणी नाही तर काय म्हणायचं?

कन्ना चौक:
टक्का भाजपचाही घसरला, तो का सोडताय? २०१४ ला शरद बनसोडेंना ५,१७,८७९ होती, २०१९ ला भाजपची फक्त ७,१०६ वाढली. वंचितनं दोन्हीकडची वाढ खाल्ली. आणि तुमची बेरीज खरी ठरायला वंचितच्या शंभरातल्या किमान ९४ जणांनी पंजाच दाबायला हवा होता, बाकीच्यांनी घरी बसायला हवं होतं. असं कुठल्याच निवडणुकीत होत नाही.

अशोक चौक:
२०२४ ला झालं की. वंचितचा अधिकृत उमेदवार अर्ज मागे घेऊन बाजूला झाला आणि प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी आल्या.

कन्ना चौक:
तोच आकडा उघडून बघा. २०१९ च्या मानानं काँग्रेसची मतं २,५३,८४८ नं वाढली. वंचितची झाडून सगळी तिकडं गेली असं धरलं तरी ८३,८४१ मतं दुसरीकडून आली. ती कुठून आली, हा खरा प्रश्न. तो कुणी विचारत नाही, कारण दोषी आधीच ठरलेला आहे.

विजापूर रोड:
माझा दोघांनाही विरोध आहे. फुटबॉल आणि निवडणूक एका तागडीत घालूच नका. दोन्हीकडच्या धक्क्यांचं कारण वेगळं आहे, म्हणून दोषही वेगळा.

फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, मॅचला सरासरी अडीच-पावणेतीन. गोल कमी म्हणून नशिबाला वाव जास्त. एक तगडा संघ धरा, जो मॅचला सरासरी १.८ गोल करतो, आणि समोरचा ०.९ करतो, म्हणजे ताकद बरोबर दुप्पट. गोल पडण्याचा नेहमीचा पॉयसन हिशोब (सरासरीवरून किती गोल पडण्याची शक्यता किती, ते काढायची रीत) मांडला तर तगडा संघ जिंकतो १०० पैकी ५९ वेळा, २३ वेळा बरोबरी, आणि १८ वेळा दुबळा जिंकतो. दुप्पट ताकद असून दहातल्या चार मॅचमध्ये विजय नाही! २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले, दुसऱ्या हाफमध्ये ४८ व्या आणि ५३ व्या मिनिटाला दोन गोल खाल्ले. ३६ मॅच न हरलेला संघ त्या दिवशी हरला आणि त्याच स्पर्धेत वर्ल्ड कप घेऊन गेला. यात कुणाला दोषी ठरवणार?

निवडणुकीत असं नसतं. दहा लाख लोक मत देतात तिथं योगायोग एकमेकांना खोडून टाकतात. २०१९ ला महास्वामी आणि शिंदेंमध्ये पडलं तसं १,५८,६०८ चं अंतर नशिबानं पडत नाही. तिथं "धक्का" बसतो याचा अर्थ एवढाच की निकाल आधीपासून तयार होता, आपल्याला दिसला नाही. मोजमाप चुकलं. २०२४ च्या बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या वर जागा दिल्या, प्रत्यक्षात आल्या २९३. सर्व्हेत हजार लोक विचारले तर चूक अधिक-उणे ३ टक्के, हे सगळे सांगतात. पण ती एका पक्षाच्या टक्क्यातली चूक. दोघांमधल्या आघाडीतली चूक जवळपास दुप्पट, आणि ती चूकही माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच. चौकात उभं राहून भेटेल त्याला विचारलं तर हे गणित लागूच होत नाही. अमेरिकेत २०१६ ला अनेक राज्यांच्या पोलमध्ये कॉलेज शिकलेले प्रमाणाबाहेर आले होते आणि हिशोबात त्यांचा वाटा कमी करून ते दुरुस्त केलं नव्हतं. पोलमध्ये मागे दिसलेले ट्रम्प मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांच्या आतल्या फरकानं जिंकले.

म्हणून फुटबॉलमध्ये दोष द्यायला घाई नको. राजकारणात मात्र दोषी असतोच, आणि तो शोधलाच पाहिजे.

भवानी पेठ:
फुटबॉलमधला प्रत्येक धक्का नशिबाचा नसतो हो. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोंते, वर्ल्ड कपची सेमीफायनल, जर्मनी ७, ब्राझील १. ब्राझीलचा स्टार नेमारच्या मणक्याला मार लागलेला. त्याच्या जागी काय खेळ करायचा हे ठरवण्यापेक्षा त्याचा शर्ट राष्ट्रगीताला हातात धरण्यात भावना गेली. खरं भोक मागे होतं: दोन पिवळी कार्डं झाल्यानं कॅप्टन थियागो सिल्वा बाहेर. बचावातला डेव्हिड लुईझ आपली जागा सोडून पुढं धावत होता, मार्सेलो वर गेला की डावी बाजू उघडी, मधल्या फळीत झाकायला कुणी नाही. २३ व्या ते २९ व्या मिनिटात चार गोल. हे कोचचं काम होतं आणि जाब त्यालाच विचारायला हवा.

"एकाला दोष देऊ नका" हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याच्या आडून कोच, पक्षाध्यक्ष, तिकीट वाटणारे सगळे सुटतात. सगळेच दोषी म्हटलं की कुणीच दोषी राहत नाही.

कन्ना चौक:
भवानी पेठ, कोचला जाब विचारा, माझी ना नाही. निर्णय ज्याचा, जाब त्याला. पण लोक तसं करत नाहीत. लोक शेवटी दिसलेला चेहरा धरतात. १९५० च्या वर्ल्ड कपला उरुग्वेनं ब्राझीलला मारकाना मैदानावर २-१ नं हरवलं, ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसाला २००० साली मरेपर्यंत सुटका मिळाली नाही. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारचा २२ जून १९९४ ला अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच जाळ्यात गोल गेला. २ जुलैला मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. ज्या संघानं आदल्या वर्षी अर्जेंटिनाला त्यांच्याच घरात ५-० नं मारलं, त्याच्यावर देशानं डोळे झाकून भरवसा टाकला होता. भरवसा जितका आंधळा, शिक्षा तितकी क्रूर.

जुळे सोलापूर:
मतदानाबद्दल भांडायचं तर आकडे घेऊन भांडा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर फॉर्म २० मिळतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्राची उमेदवारनिहाय मतं असतात. लोकसभेचा फॉर्म विधानसभा क्षेत्राप्रमाणे वेगळा असतो, म्हणजे आपल्याकडं सहा: शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर. दोन निवडणुकांचे फॉर्म शेजारी ठेवा. केंद्राच्या नंबरावर जाऊ नका. मतदार वाढले की केंद्रं फुटतात, नंबर सरकतात. शाळेचं नाव आणि यादीभागाची वस्ती बघून जोड्या लावा. टपाली मतं वेगळी धरा. मग वंचितची मतं जिथं जास्त होती त्या केंद्रांवर २०१४ ला कोण पुढं होतं ते तपासा. हे न करता "अमक्यानं पाडलं" म्हणणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

सात रस्ता:
आणि मशीन? माळशिरसच्या मारकडवाडीत लोकांना डिसेंबर २०२४ ला बॅलेटवर मतदान घेऊन बघायचं होतं, प्रशासनानं होऊ दिलं नाही. संशय असाच कुजत ठेवायचा का?

जुळे सोलापूर:
संशय वाईट नाही, सात रस्ता, तो तपासायचा मार्ग वापरत नाहीत हे वाईट. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष फॉर्म १७-क भरतात, त्यात एकूण किती मतं पडली ते असतं, आणि त्याची प्रत पोलिंग एजंटला (केंद्रावर बसलेल्या उमेदवाराच्या माणसाला) मिळते. एजंटच जागेवर नसेल तर ती प्रत कुणाकडंच नसते आणि मोजणीला ताडून बघायला कागद राहत नाही. विधानसभा क्षेत्रामागे पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर मशीनला जोडलेला प्रिंटर छापतो त्या) मोजतात, तिथंही आपला माणूस हवा. पक्ष सभांवर खर्च करतात आणि केंद्रावर एजंट मिळत नाही. पहिला जाब याचा विचारा.

भवानी पेठ:
हे पटलं. शहर मध्यचंच बघा. प्रणिती शिंदे तिथून २००९, २०१४, २०१९ असं तीनदा आमदार. जून २०२४ ला लोकसभा जिंकल्यावर ती जागा आपोआप येणार असं काँग्रेसवाले धरून चालले, आणि नोव्हेंबरच्या विधानसभेला तिथं भाजप आला. पाच महिन्यांत!

अशोक चौक:
ठीक. जुळे सोलापूर, तुम्ही सांगितलं तसं शहर मध्यपासून सुरू करू, २०१४ आणि २०१९ चे फॉर्म २० शेजारी ठेवून. वंचितची मतं जास्त असलेल्या केंद्रांवर काँग्रेस घसरलेली दिसली तर "वंचितनं काँग्रेसला पाडलं" हे चूक आहे, हे म्हणणं कन्ना चौकनं मागे घ्यावं. नाही दिसली तर मी माझं घेतो.