शिक्षा करण्याचा हक्क की अधिकार?

भाषांतरवाली:
इटालियन विचारवंत बेक्कारियाने १७६४ साली गुन्हे आणि शिक्षा या विषयावर लिहिलेल्या पुस्तिकेबद्दलचा एक इंग्रजी लेख मराठीत करते आहे. एका वाक्याशी अडले. प्रत्येक माणूस आपल्या स्वातंत्र्याचा कमीत कमी तुकडा समाजाच्या स्वाधीन करतो आणि या तुकड्यांची बेरीज म्हणजे 'शिक्षा करण्याचा हक्क', असं मी लिहिलं. संपादकांनी 'हक्क' खोडून 'अधिकार' केलं. समासात शेरा: हक्क माणसाला असतो, सरकारला अधिकार. पटतं, पण पूर्ण नाही. बेक्कारियाचं म्हणणंच असं की हे वरून आलेलं नाही, लोकांनी चिमूट चिमूट दिलेलं आहे, आणि त्या चिमटीपलीकडचा सगळा जुलूम. 'अधिकार' म्हटलं की मला तहसीलदारांची खुर्ची दिसते. तुम्ही काय लिहाल?

खडूमास्तर:
संपादक बरोबर आहेत. मराठीने ही वाटणी केव्हाच केली आहे. हक्क बजावतात, अधिकार गाजवतात. 'हक्काचं घर' असतं. 'अधिकाराचं घर' म्हणून बघा, सरकारी क्वार्टर वाटेल.

सातबारा:
मास्तर, वाटणी तुमच्या वहीत झाली असेल. गाव नमुना सात काढा, मथळ्यावर 'अधिकार अभिलेख पत्रक'. जमीन पणजोबांपासूनची, तरी तिथे अधिकार. तीच जमीन बहिणीने भावाला सोडली की कागदाचं नाव 'हक्कसोडपत्र'. २००५ चा कायदा 'माहितीचा अधिकार', आयोग मात्र 'मानवी हक्क आयोग'.

शुद्धमती:
एवढा घोळ परका शब्द घरात घेतल्यामुळे. हक्क अरबी. 'अधिकार' हा आपला शब्द हाताशी असताना हवा कशाला? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला नव्हता.

सातबारा:
मग टिळकांचं वाक्य दुरुस्त करून द्या. 'जन्मसिद्ध' संस्कृत, 'हक्क' अरबी, शंभर वर्षं एका वाक्यात सुखाने नांदताहेत.

मोडीवाचक:
दोन्ही बाजूंना सांगतो. जुन्या कागदांत हक्क म्हणजे देशमुखाने, पाटलाने रयतेकडून घ्यायचा ठरलेला वाटा. सनदेने मिळायचा, वारशाने चालायचा. सरदेशमुखीही हक्कच. म्हणजे 'हक्क' हा काही बिचाऱ्या नागरिकाचा शब्द नव्हता, वसुली करणाऱ्याचा होता. आणि 'अधिकार' म्हणजे पात्रता. वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करवून घेण्याचा, अधिकार कोणाला, यावरून कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात काय पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. तो काही खुर्चीचा अधिकार नव्हे. मास्तरांची वाटणी अगदी अलीकडची.

खडूमास्तर:
अलीकडची असेना, आज भाषांतर वाचणारा आजचाच आहे ना?

सोलापुरी:
मला तर 'शिक्षा'च खटकते. दिल्लीला आतेभावाकडे गेलो होतो. मेट्रोतून 'शिक्षा मंत्रालय' अशी पाटी दिसली, आमची धाकटी विचारते, बाबा, इथे कोणाला मारतात? आमच्याकडे कानडीतही 'शिक्षे' म्हणजे सजाच. मूळ संस्कृत अर्थ शिकणं-शिकवणं. म्हणजे गुन्हेगाराला शिकवायचं, सूड घ्यायचा नाही, हा सुधारणेचा विचार आपल्या शब्दातच आहे की.

शुद्धमती:
अगदी! 'शासन'ही तसंच. शास् धातूपासून शास्त्र, शिष्य आणि शासन. 'कठोर शासन' म्हणतो ते त्यातलंच.

कोर्टातला कारकून:
चौथीत अंगठे धरून दीड तास उभा होतो, काय शिकलो ते अजून आठवत नाही. शब्दाच्या मुळाशी गेलं की माणसं चांगली निघतात असं नसतं. आमच्या कामातली अडचण सांगतो. मराठीत 'दंड झाला' म्हणजे पैसे भरा. पण कायद्याचं नाव १८६० पासूनची दंड संहिता, त्यामुळे पैशाच्या दंडाला 'द्रव्यदंड' म्हणावं लागलं. आणि कलमात पुन्हा 'शिक्षा होईल'. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, नावातला दंड गेला, न्यायदंडाधिकारी आहेत तिथेच. पक्षकार अजून विचारतो, साहेब, दंडावर भागेल का? त्याला द्रव्यदंड म्हटलं तर घाबरेल.

उंबरठा:
ताईंच्या प्रश्नाकडे येऊ का? जर्मन तत्त्वज्ञ हेगेल म्हणतो, शिक्षा हा गुन्हेगाराचाच हक्क. त्याला शिक्षा करताना आपण त्याला विचार करणारा माणूस मानतो, नुसतं आवरायचं जनावर नव्हे. आता इथे 'शिक्षा हा गुन्हेगाराचा अधिकार' लिहून बघा. कैद्यालाच निकाल द्यायला बसवल्यासारखं वाटतं. म्हणजे निदान इथे हक्कच हवा. आणि गंमत अशी की बेक्कारियाचा इटालियन 'दिरित्तो' आणि हेगेलचा जर्मन 'रेश्ट', दोन्ही शब्दांत कायदाही येतो आणि हक्कही. त्यांना ही अडचणच नव्हती. ती इंग्रजीतून आणि मराठीतून आली.

भाषांतरवाली:
हे हेगेलचं फार कामाचं आहे. पण मग एकाच लेखात राज्याचा 'अधिकार' आणि गुन्हेगाराचा 'हक्क' लिहिलं तर मूळ शब्द एकच आहे हे वाचकाला कळणार कसं? 'शिक्षा करण्याची मुखत्यारी' चालेल का? लोकांनी दिलेली, मर्यादित, काढून घेता येण्यासारखी. फाइल उद्या सकाळी द्यायची आहे.

शुद्धमती:
मुखत्यारी? हक्क परवडला.

मोडीवाचक:
मुखत्यारी सुंदर आहे! पण वाचकाला वकीलपत्र आठवेल.

सोलापुरी:
सोपं काढा, 'सजा देण्याचा हक्क'.

सातबारा:
सजा म्हटलं की आमच्याकडे तलाठ्याचा सजा. चार गावं मिळून एक. एकदा एकाला म्हटलं, आमच्या सजात या, तर दचकला.

कोर्टातला कारकून:
तो 'साझा' आहे हो. सजा नव्हे.

सातबारा:
आमच्या चावडीच्या पाटीवर 'सजा'च आहे. फोटो टाकतो.

खडूमास्तर:
पाटीवर असलं म्हणून बरोबर होत नाही. आणि आता तर तलाठ्याचं नावच 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय.