कळंबा ते मिरजकर तिकटी : पोरीला सायकलनं शाळेला पाठवू का?

रिवाइंडिंगवाला · रविवार, रात्री ९:४०

जरा लांबलंय, पण वाचून सांगा.

पोरगी यंदा नववीत गेली. शाळा कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या अलीकडं, घर कळंब्यात. आजवर रिक्षामामा सोडायचे, त्यांनी मे महिन्यात गाडी विकली. आता तिचं म्हणणं, "पप्पा, मी सायकलनं जातो." (आमच्यात पोरी 'जातो'च म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.) सायकल घरात आहे, मामानं दिलेली. सहा महिने तिच्यावर टॉवेल वाळतोय. अंतर चार-साडेचार किलोमीटर. जाताना उतार, येताना चढ.

बायको म्हणते, अजिबात नाही. मी म्हटलं, शेजारचा दहावीतला पोरगा बिनलायसन मोपेड मारतोय, मागं दोघं बसवून, त्याची आई कधी घाबरलेली दिसली नाही. तर म्हणाली, "तो मोठ्या गाडीवर असतोय, त्याला लोक घाबरतात. सायकलवाल्याला कोण विचारतंय?" ह्याला उत्तर सुचलं नाही.

म्हणून आज सकाळी सातला मीच ती सायकल काढली. सीट वर केली तरी गुडघे हँडलला लागत होते. वीस वर्षं ह्याच रस्त्यानं मोटारसायकलवरनं उद्यमनगरला दुकानात जातोय, रस्ता पाठ आहे असं वाटायचं. कसला पाठ! मोटारसायकलवाला रस्त्याच्या मधनं जातो. डावी कड त्यानं बघितलेलीच नसते. सायकलवाल्याचा रस्ता म्हणजे तेवढी डावी कडच, जेमतेम दीड मीटर. आणि गावाला नको असलेलं सगळं त्याच दीड मीटरात आणून टाकलेलं असतं. बांधकामाची वाळू तिथंच. खचलेलं चेंबर तिथंच. डांबराचा नवा थर जिथं संपतो ती चार बोटांची पायरी तिथंच. उभ्या केलेल्या चारचाकी, नारळाची गाडी, केएमटी बसचा थांबा, गाय, सगळं तिथंच. रविवार होता म्हणून निभावलं.

संभाजीनगर ओलांडल्यावर गटाराची एक लोखंडी जाळी लागली. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनंच, उभ्या. पुढचं चाक दोन पट्ट्यांच्या मधी गेलं ते रिमपर्यंत. वेग नव्हता म्हणून पाय टेकला. मागनं दुधाचा टेम्पो येत होता, त्यानं हॉर्न दिला, थांबला, बिचारा चांगला होता. पण तिथं माझ्या जागी चौदा वर्षांची पोरगी, पाठीवर आठ किलोचं दप्तर, आणि पावसानं जाळीवर पाणी साचलेलं असं डोळ्यापुढं आलं आणि घरापर्यंत सायकल हातात धरून आलो. बायकोला जाळीचं सांगितलेलं नाही. तुम्हीपण सांगू नका.

रोज सायकल मारणारी माणसं इथं असतील तर सांगा, आतल्या गल्ल्यांचा रस्ता धरावा का? आरशाचा उपयोग होतो का? आणि त्या जाळीचं कुणाला सांगायचं?

लेथमास्तर · रविवार, रात्री १०:२५

एकतीस वर्षं पाचगाव ते उद्यमनगर सायकल. दोनदा पडलो, दोन्ही वेळा चूक माझी होती : कडेला चिकटून चाललो होतो.

हे नीट ऐका. नवा माणूस भीतीनं गटाराच्या काठानं जातो. मग जाळी आली, वाळू आली की एकदम उजवीकडं फिरतो, आणि मागच्या गाडीवाल्याला काय कळायच्या आत पुढं येतो. त्यापेक्षा आधीपासनंच कडेपासनं हातभर आत चाला. सरळ रेषेत. मागचा शिव्या देईल, देऊ दे, शिव्या देतोय म्हणजे त्यानं बघितलंय. उभ्या चारचाकीपासनं तर तिचं पुरं दार उघडेल एवढं लांब. दार कधी उघडेल सांगता येत नाही.

मागं बघायला शिकवा. आरसा ठीक आहे, पण मान वळवून बघितलं की मागच्याला कळतं की ही आता वळणार. मैदानात चुन्याची रेघ मारा आणि रेघ न सोडता मागं बघायला लावा. आठ दिवसांत जमतं.

आणि एस्टी किंवा ट्रक डावीकडं वळत असेल तर त्याच्या डाव्या अंगाला शिरायचं नाही. मागं थांबायचं. ड्रायव्हरला ती बाजू दिसतच नाही. ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांचंही तेच. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या की मागची ट्रॉली वळणावर आत कापत येते.

रस्ता : नंगीवली चौकापासनं मेन रोड सोडा, मंगळवार पेठेच्या गल्ल्यांतनं काढा. दोन मिनिटं जास्त लागतील. गल्लीत कुत्री आणि क्रिकेट, एवढाच त्रास.

एक खुपतं ते सांगतो. सायकलचं काही निघालं की पेपरात फोटो येतो तो हेल्मेट-गॉगलवाल्यांचा. चांगली माणसं आहेत, रविवारी पन्हाळा करून येतात. पण पहाटे साडेपाचला पहिल्या पाळीला जाणारे, वॉचमन, पेपरवाले, ह्यांना कुणी कधी मीटिंगला बोलावलेलं मी बघितलं नाही. आमच्याकडं सायकल आवड म्हणून नाही ओ, पेट्रोल परवडत नाही म्हणून आहे.

तीनचाकी · सोमवार, सकाळी ७:०५

रागावू नका, दुसरी बाजू पण ऐका. मी रिक्षा मारतो. पॅसेंजरनं हात केला की मी कडेलाच घेणार न्हवं, का मधी थांबू? मागं सायकलवाला असला की त्याला वाटतंय मुद्दाम दाबला. आमाला थांबायला जागाच ठेवलेली न्हाई, जिथं स्टॉप हाय तिथं फोर व्हीलर लावून मालक तासभर गायब. शनवार-रविवार अंबाबाईला भायरच्या गाड्या आल्या की बिंदू चौकापासनं सगळंच जाम. मग तुमी आमी त्या दीड मीटरासाठी भांडतोय आणि ज्यानं ती जागा अडवलीया तो आत गुजरीत दागिने बघतोय.

आणि सायकलवाल्यांनी पण अंधारात बिनलाईट, उलट्या साईडनं यायचं बंद करा. परवा परीख पुलाखाली एक म्हातारबाबा समोरनंच आले. पाणी साठलेलं, लाईट न्हाई. काळजाचं पाणी झालं.

पोरीला पाठवा. पण मागं लाल लाईट लावा, दिवसा पण चालू ठेवा. लै फरक पडतोय, लांबनं दिसतंय.

खडी-डांबर · सोमवार, रात्री ८:५०

रस्त्यांच्या कामावर आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर सोडून द्या.

तीनचाकींचं म्हणणं मला पटतं. एक चारचाकी उभी करायला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. रस्त्यावर ती बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. तेवढ्यात दहा सायकली सहज राहतात. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलं आहे की रस्त्याची जागा वाटताना वाहनं नव्हे, माणसं धरायची. कागदावर आपण कधीच मागे नसतो. पुण्याने २०१७ मध्ये तब्बल ८२४ किलोमीटर सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. तिथे जाऊन सायकल चालवून बघा आणि मग बोलू.

माझा अनुभव असा की नुसता पांढरा पट्टा मारून सायकल मार्ग होत नाही. रंग वाळायच्या आत त्यावर गाडी लागते. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार पदपथावर आणि सायकल मार्गावर गाडी घालायला मनाई आहे, पण नियमापेक्षा मधला कठडा जास्त काम करतो. आणि आपल्या पेठांमध्ये तेवढी रुंदीच नाही. तिथे वेगळा मार्ग मागण्यापेक्षा वेग कमी करणं हाच उपाय. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीला, चालकाने बघितल्यापासून थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावर साधारण २८ मीटर लागतात. ३० ने येणारी १३ मीटरांत थांबते. शाळेसमोर हा फरक म्हणजे पोर वाचणं किंवा न वाचणं.

त्यासाठी गतिरोधक हवेत, पण आपल्याकडे गल्लीतली मंडळी रात्रीत घालतात तसले उंबरे नकोत. भारतीय रस्ते काँग्रेसने (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) दिलेला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगाने तो आरामात ओलांडता येतो. अरुंद उंबऱ्यावर चारचाकीला काही होत नाही. सायकलवाला मात्र तो चुकवायला कडेच्या फटीतून जातो, आणि त्या फटीत काय असतं? जाळी!

जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्याच हव्यात. हा खर्चाचा विषयच नाही, बसवणाऱ्याने एकदा सायकल डोळ्यांपुढे आणण्याचा आहे. अर्ज करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ चा उल्लेख करा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं आहे. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड आहे. फोटोत जाळीवर मोजपट्टी ठेवा. "जाळी धोकादायक आहे" असं लिहिलेला अर्ज फायलीत जातो, "दोन पट्ट्यांत इतके मिलिमीटर अंतर" असं लिहिलेला निदान कुणीतरी वाचतं.

जाता जाता, त्या मोपेडवाल्या शेजाऱ्यांना सांगा : अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, त्याच दुरुस्तीत.

डबेवाली · मंगळवार, दुपारी ३:१५

मी राजारामपुरीत सायकलवरनं डबे पोचवतो. सात वर्षं झाली. पुरुषमंडळींनी वरती जे सांगितलं नाही ते सांगतो.

बाईमाणूस सायकलवर दिसलं की काही टोळकी गाडी मुद्दाम अंगाजवळनं नेतात. पोरीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरून कडेला घेईल आणि पडेल. नंबर बघायचा, मोठ्यानं ओरडायचं. मी ओरडतो. आता त्या रस्त्यावर सगळे मला ओळखतात.

ओढणी पुढं गाठ मारून, नाहीतर चेनमध्ये जाते. चेनकव्हर नसेल तर बसवून घ्या, फॅशनेबल सायकलींना नसतं. दप्तर पाठीवर नको, मागं कॅरेजला बांधा. पाठीवर वजन असलं की मागं बघताना तोल जातो. रेनकोटची टोपी मोठी असेल तर बाजूचं काही दिसत नाही, त्यापेक्षा डोकं भिजलेलं बरं. आणि पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात चाक घालायचं नाही म्हणजे नाही, आत काय आहे ते देवाला माहीत.

तिच्या वर्गातल्या आणखी दोघी-तिघी त्या बाजूच्या असतील तर एकत्र जाऊ द्या. चौघी असल्या की गाडीवाला रस्ता सोडतो. एकटीला सोडत नाही.

रिवाइंडिंगवाला · शनिवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. आठवडाभर काय काय झालं ते लिहितो.

अर्ज केला, मोजपट्टीसकट फोटो लावला. टेबलावरच्या साहेबांनी वाचला आणि विचारलं, "कोण पडलंय का?" म्हटलं, अजून नाही. म्हणाले, "मग?" पुढं ते काही बोलले नाहीत, मीपण नाही. पोच मिळाली.

खरी गंमत गुरुवारी झाली. दुकानाला जाताना बघतो तर त्याच जाळीपाशी गाळ काढायला दोन माणसं आलेली. पहारीनं जाळी उचलून बाजूला ठेवलेली. मी थांबलो, चहा सांगितला. जाळी परत बसवायला लागले तेव्हा म्हटलं, मामा, जरा आडवी फिरवून बसवता का, सायकलचं चाक जातंय. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जाळीकडं बघितलं. जाळी चौकोनी होती. उचलली, फिरवली, ठेवली. दणदिशी बसली! पाच मिनिटं पण लागली नाहीत. म्हणाले, "आमाला कोण बोललंच न्हाई आजवर. जशी निघती तशी ठेवतो."

मी दिवसभर त्याचाच विचार करत होतो.

काल संध्याकाळी पोरीला घेऊन सगळा रस्ता चालत आलो. तिनं वहीत लिहून घेतलं : घरापासनं शाळेपर्यंत डाव्या बाजूला उभ्या पट्ट्यांच्या अकरा जाळ्या. सहा चौकोनी, त्या फिरतील. गाळवाले मामा सोमवारी पुढच्या टप्प्याला आहेत, येतो म्हणालेत, चहा माझ्याकडं. पाच लांबट आहेत, त्या फिरवता येत नाहीत. खडी-डांबर साहेब, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या तर चालतंय का? वेल्डिंगचं मशीन दुकानात आहे, परवानगी तेवढी मागतो.

चेनकव्हर बसवलं, मागं लाल लाईट लावला. मंगळवार पेठेतल्या गल्लीनं काल दोघं सायकलनं जाऊन आलो, मी भाड्याच्या सायकलवर. ती पुढं, मी मागं. चढाला तीच मला थांबून बघत होती. वर्गातल्या दोघी संभाजीनगरला भेटणार म्हणतात. बायको अजून 'हो' म्हणालेली नाही, पण टॉवेल दोरीवर गेलाय.

खडी-डांबर · शनिवार, रात्री ९:४५

चालतं. साधारण १०० मिलिमीटर अंतरावर आडव्या पट्ट्या, वरून समपातळीत, कडा घासून गुळगुळीत. पाणी जायला पुरेशी जागा राहते. परवानगी मात्र लेखी घ्या, तोंडी नको. अर्जाचा मसुदा उद्या टाकतो.

लेथमास्तर · शनिवार, रात्री १०:०२

पट्ट्या कापून मी देतो, शॉपवर तुकडे पडलेत. सोमवारी पावणेसातला नंगीवली चौकात चहाच्या गाडीवर आहे. पोरींना गल्लीपर्यंत सोडतो आणि तसाच कामावर जातो. तिला म्हणावं, वळायच्या आधी मान वळव.